दवाखान्यातलं दूध

नातसुनेनं दुधाच्या पावडरचा डबा उघडला आणि त्या गोडसर वासानं मला हैदराबादेतल्या काचीगुड्याचा सरकारी दवाखाना आठवला. हैदराबाद राज्याची वाटणी होऊन यजमानांची कचेरी औरंगाबादला गेली होती, आणि क्षयाच्या उपचारासाठी मी दोन वर्षांच्या लेकीला घेऊन मागे राहिले होते. रोग्याला ताकद यावी म्हणून दवाखान्यातून दुधाची पावडर मिळायची, तिचं दूध मी लेकीलाच पाजायचे. एके दिवशी माझं वजन पुन्हा घटलेलं निघालं. मी ते पीत नाही हे कळून आता दूध बंद करतील, या भीतीनं मी काट्यावरून उतरेचना. म्हाताऱ्या नर्सबाईंनी हळूच विचारलं, “सच बोलो अम्मा, दूध तुम पीते कि बच्ची?” मी रडत कबूल केलं. त्या म्हणाल्या, “डरो नक्को, दूध बंद नै होता. रोज यहीं बैठके पीना. लेकिन बच्ची कू बी लाओ, उसकी छाती देखना है.” ते ऐकून मी गारच पडले. मांडीवर घेऊन दूध पाजताना मी तिच्या तोंडावरच खोकत होते, हे तोवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तिची छाती साफ निघाली. आज ती साठीची आहे, तरी ती खोकली की माझ्या हातातला घास हातातच राहतो.