आधी जबडा, मग खुर्ची

"आधी जबडा सोडा काका, मग खुर्ची." पहिल्याच दिवशी तिने माझ्या तोंडाकडे बोट केले. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात मी तीस वर्षे फोरमन होतो. तेथे बोट मी दाखवीत असे.

कळव्यातील एका सोसायटीच्या हॉलमध्ये ती म्हाताऱ्यांना उठायला, बसायला, चालायला नव्याने शिकवी. हॉलला मलमाचा आणि घामट पायमोज्यांचा वास येई. उठताना प्रत्येक जण कण्हे. चारचौघांत माणसाने असले आवाज काढू नयेत. मला किळस येई. तरी जात होतो. कारण घरी सून काखेत हात घालून मला खुर्चीतून ओढून काढी, आणि ती किळस याहून मोठी होती.

ती पन्नाशीची, विठ्ठलवाडीची. शिवणयंत्रावर वाकून तिचीच पाठ गेली होती. ती सावरताना हे सारे शिकली. तुम्हीही पाहा: म्हातारा उठण्यापूर्वी दात आवळतो, मान मागे टाकतो, गुडघ्यांवर हात रोवतो. जणू खुर्चीशी वैर आहे. हे तिने मला दाखवले. माझ्यातच दाखवले, म्हणून राग आला.

घरी मी खुर्चीचे हात धरून रोज शंभर उठाबशा सुरू केल्या. आठवड्यात मान आखडली.

"शंभर? माल काढताय का काका?" ती हसली. "एकदाच उठा. पण भांडू नका."

"न भांडता मी आयुष्यात काही केलेले नाही."

"ते दिसतंय ना मानेवर."

महिनाभर मी तिच्याशी बोललो नाही. जाणे मात्र थांबवले नाही. तिच्यासमोर मला आधाराशिवाय एकदाही उठता आले नाही.

दिवाळीनंतर ती अचानक गेली. शोकसभा त्याच हॉलमध्ये झाली. तिला देवी म्हणणारे वक्ते तिच्या वर्गाला कधी फिरकले नव्हते. शेवटी दोन मिनिटे उभे राहण्यास सांगण्यात आले. खुर्च्या करकरल्या. "आई गं", "अरे देवा". हात गुडघ्यांवर, माना मागे. तिचेच विद्यार्थी. मला शिसारी आली.

शेजारून सुनेचा हात माझ्या काखेकडे आला.

"बाबा, उठताय ना?"

"हात काढ."

मी जबडा सोडला. मान सोडली. मग खुर्ची.

आवाज झाला नाही.