पाच जणींचं वर्ष

कुठलंही काम उरकलं की माझी भाची वैशाली ओढणीला हात पुसत विचारायची, "आजून कुनाचं ऱ्हायलंय?" ताटं वाढून झाली तरी हेच, गवताचे भारे बांधून झाले तरी हेच. मी चिडायचो. कापूरहोळच्या फाट्यावर जुने टायर विकून मी उभा राहिलो. लोकांचं काय राहिलंय ते विचारत बसलो असतो तर अजून हातपंपानंच हवा भरत असतो. "वैशे, आधी आपलं बघावं," असं म्हटलं की ती हसायची. "मामा, आपलं-आपलं करनाऱ्याचं भात आमच्या हिर्डोशीत कोन लावतं?"

तेही खरंच. बहिणीच्या त्या गावात लावणी इर्जिकीनं होते. आज सगळे तुझ्या खाचरात, उद्या सगळे माझ्या. मजुरी कुणी मागत नाही.

वैशाली भोरला बी.कॉम. करत होती तेव्हा कोरोना आला आणि कॉलेजला कुलूप लागलं. कित्येक महिने तिकडून कुणी हाक मारली नाही. मग वर कुणाला तरी जाग आली आणि सत्रं उरकायची घाई सुटली. एका सत्राची परीक्षा संपते न संपते तोच दुसरं सुरू, आणि तेही निम्म्याहून कमी दिवसांत कोंबलेलं. प्रत्येक मास्तरला वाटे, पोरींना आपला एकच विषय आहे. दर आठवड्याला प्रत्येकाचा वेगळा स्वाध्याय: हातानं लिहा, फोटो काढा, पाठवा. आणि हे ऐन आषाढात, रोपं उपटून बांधावर पडलेली असताना! ट्रकवाले दोन खेपांचा माल एकाच खेपेत भरतात आणि टायर फुटला की माझ्या नावानं ओरडतात. तसलाच हा कारभार.

वैशालीनं त्यावर गावची रीत लावली. हिर्डोशीच्या पाच पोरी तिच्या वर्गात होत्या, तिच्यासकट. प्रत्येकीनं एक विषय वाचायचा, उत्तरं काढायची, बाकीच्यांना समजावून द्यायची. मग सगळ्यांनी ती आपापल्या अक्षरात उतरवायची. सकाळी चिखलात पाय, दुपारी देवळात वह्या. इथवर ठीक होतं. पण या शहाणीनं प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर लिहायला लावलं, 'हे काम आम्ही पाच जणींनी मिळून केले आहे.' खाली पाचही नावं.

कॉलेजनं ती कॉपी ठरवली. पाचही जणी नापास.

मी तिला घेऊन तडक प्राचार्य मॅडमकडे गेलो. "मॅडम, कॉपी करणारा कधी आपलं नाव लिहून देतो का?"

"नियम सगळ्यांना सारखा आहे," त्या मास्कमागून म्हणाल्या.

"मग कॉलेज बंद होतं तेव्हा हा नियम कुठं झोपला होता?"

मी सौदा करायला बसलो की उठत नाही. ओरडून, विनवून, पुन्हा ओरडून शेवटी त्यांना इथवर आणलं, की वैशालीनं सगळं पुन्हा एकटीनं लिहून द्यावं, तिचं वर्ष वाचेल. मी हात जोडले. तेवढ्यात ही विचारते, "आन् बाकीच्या चौघी?"

"त्यांचं आम्ही बघू."

"मंग नको मॅडम. आमी मिळून लिवलंय."

बाहेर पायरीवरच मी तिच्यावर खेकसलो. "अगं, पटलेला सौदा मोडलास! खरं बोलायचंच असलं तर माल ताब्यात आल्यावर बोलावं!"

"मामा, मी एकलीच पास झाले तर लावनीला त्यांच्या रांगंत कोनच्या तोंडानं उभी ऱ्हाऊ?"

वर्ष गेलं. त्या काळात सगळी पोरं फुकट पास झाली, असं लोक अजून हसत सांगतात. माझ्या दुकानात हे कुणी बोललं तर त्याला मी टायर विकत नाही. त्या पाचांतल्या दोन पोरींच्या घरच्यांनी "आता बास झालं शिक्षण" म्हणून त्यांची लग्नं लावून टाकली. त्यातल्या एकीला तर हिशेबात वैशालीपेक्षा गती होती. उरलेल्या दोघींना धरून वैशालीनं सत्र पुन्हा दिलं. या वेळी तिघी देवळाच्या तीन कोपऱ्यांत बसून लिहीत. मी विचारलं तर म्हणाली, "कॉलेजात येवढं एक पक्कं शिकलो, मामा. दुसरीच्या वहीत बघायचं न्हाई."

परवा नाशिकच्या नोकरीवर जाण्याआधी ती दुकानावर आली. चहा संपवून म्हणाली, "त्या मॅडम रिटायर झाल्या. आता तरी राग सोडा."

मी म्हणालो, "सोडतो की. त्यांनी आधी वर्ष परत द्यावं. आणि त्या दोघींचं व्याजासकट."