मामांचं निनवे

म्हैसुरात देवाला भिणारी माणसं पुष्कळ आहेत, देवाकडे मागणारी त्याहून जास्त आहेत. पण देवाच्या वतीने रागावणारा माणूस साऱ्या शहरात एकच होऊन गेला, आणि तो माझ्या आईचा सख्खा भाऊ होता. हा राग मामांचा स्वतःचा नव्हता. स्वतःचं कुणी काही बिघडवलं तर ते हसून सोडून देत. शेजाऱ्याच्या माकडटोपीवाल्या आजोबांनी एकदा त्यांची नवीकोरी छत्री नेली ती परत दिलीच नाही, तर मामा पावसात भिजत म्हणाले, "सुम्ने, उगाच कशाला, असू दे रे, म्हातारे आहेत." पण देवळाच्या पंचांनी मंडपासाठी शेजारच्या विधवेच्या खिडकीवर पत्रा ठोकला, तेव्हा हेच मामा ऐन आरतीत उभे राहिले आणि म्हणाले, "बंद करा ती घंटा! देवाचे कान किटले! त्या बाईच्या घरात उजेड येऊ दे, मग त्याला ओवाळा!" पुजाऱ्याच्या हातातलं निरांजन तसंच अर्ध्यावर थांबलं. पत्रा दुसऱ्या दिवशी निघाला, पण मामांना प्रसाद देणं पंचांनी त्यानंतर बरेच महिने टाळलं.

मामा ख्रिस्ती नव्हते, हे आधी सांगून टाकलेलं बरं. शनिवारी मारुतीला तेल, एकादशीला साबुदाणा, सगळं यथासांग असे. पण आमच्या घराण्याचं मूळ काम कापड रंगवायचं आणि छापायचं. त्या धंद्याच्या काळात आजोबांकडे कापड छापून घ्यायला आलेल्या कुणा पाद्र्याने त्यांना एक जाडजूड मराठी पुस्तक दिलं होतं. आमच्याकडे मराठी फक्त जिभेवर होती, तीही अर्धी कानडीत भिजलेली. शाळा कानडी, बाजार कानडी. घरात छापील मराठी म्हणजे तेवढं एकच पुस्तक. त्याची पुढची पानं वाळवीने खाल्ली होती आणि मागची कुणीतरी चूल पेटवायला वापरली होती. उरले होते मधले यहुदी लोकांचे संदेष्टे, यशयापासून मलाखीपर्यंत. त्यामुळे जग कसं निर्माण झालं हे मामांना त्या पुस्तकातून कळलं नाही आणि शेवटी काय झालं तेही कळलं नाही. सुरुवात नाही, शेवट नाही, नुसता संताप. आपल्या राष्ट्राला तोंडावर 'तुम्ही चुकलात, मागे फिरा' असं सांगणारी, राजाला न भिणारी, मार खाणारी माणसं. लहानपणी मामा त्याच पानांवर मराठी वाचायला शिकले.

परिणाम असा झाला की मामांना दोन मराठी येत. एक घरातली: "अगे, सारू केलीस काय? साकु, साकु, आता भात नको." आणि दुसरी रागातली, जी थेट संदेष्ट्यांच्या तोंडची असे. दूधवाल्याने पाणी घातलं, तर मामा ओसरीवर येऊन हात उंचावून गरजत, "अरे, आपल्या कुमार्गापासून मागे फीर!" दूधवाला अस्सल कानडी माणूस. त्याला शब्द कळले नाहीत, पण हाताची खूण कळली. त्याने सायकल वळवली आणि तो खरोखरच मागे फिरून गेला. पुढचे काही दिवस आम्ही बिनदुधाची कॉफी प्यायलो. मामी म्हणाल्या, "पाणी घातलेलं का असेना, दूध होतं हो ते."

सगळ्या संदेष्ट्यांत मामांचा जीव योनावर. योना मोठा होता म्हणून नव्हे. उलट तो पळपुटा आणि चिडका होता, हे मामा मान्य करत. पण ज्याचं शहराने ऐकलं असा तो एकटाच. त्याने बजावल्यावर निनवे शहराच्या राजाने सिंहासनावरून उतरून पश्चात्तापाचं गोणपाट पांघरलं, रयतेने पांघरलं, गुराढोरांनासुद्धा पांघरायला लावलं. "बाकीचे सगळे बिचारे घसा फोडून मेले रे," मामा सांगायचे, "योनाने एक वाक्य टाकलं आणि अख्खं शहर वळलं!" रविवारी राजवाड्यावरचे दिवे लागायचे तेव्हा मामा आम्हां पोरांना घेऊन हटकून जात, तोंड उघडं टाकून बघत राहत आणि म्हणत, "निनवे असंच दिसत असणार. काय सुंदर शहर! कधी वळणार हे?" एकदा निवडणुकीत आमच्या वॉर्डात साड्या वाटल्या गेल्या. त्याच्या प्रायश्चित्तासाठी मामांनी आधी स्वतः गोणपाट पांघरलं आणि मग शेजाऱ्यांच्या गाईच्या पाठीवर एक गोणपाट बांधलं. गाय शांतपणे मान वळवून ते खाऊ लागली. वॉर्डाचा पश्चात्ताप दुपारपर्यंत तिच्या पोटात गेला होता.

शहराबाहेर बेळगोळच्या कारखान्यात मामा स्टोअर्समध्ये होते. निवृत्त झाल्यावर त्यांना एका शाळेने स्वातंत्र्यदिनाला प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं. मामा म्हणाले, झेंडा वर चढवायच्या आधी देशाने एकदा मान खाली घातली पाहिजे. ज्यांना आपण विहिरीवर पाणी भरू दिलं नाही, ज्यांना दारातून हाकललं, त्यांची आठवण काढून सगळ्यांनी मान खाली घाला, मी सांगेपर्यंत. पोरांनी आनंदाने घातल्या. मामा सांगेचनात. हेडबाई पुटपुटल्या, "साकु सर, साकु." मामा म्हणाले, "एवढ्या पिढ्यांचं पाप, बाई, जरा वेळ लागणारच." वाटायचे लाडू टेबलावर होते, त्यांना मुंग्या लागल्या. पुढल्या वर्षी बोलावणं आलं नाही. मामा तरीही गेले आणि फाटकाबाहेर रस्त्यावर मान खाली घालून उभे राहिले. रिक्षावाल्यांना वाटलं, चक्कर आली.

इथपर्यंतचे मामा सगळ्या गल्लीला ठाऊक होते. मला सांगायचं आहे ते त्यानंतरचं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका तमिळ माणसाचं कॉफीपुडीचं दुकान होतं. त्यांना सगळे अण्णा म्हणत. ते बी भाजायचे, दळायचे, आणि त्यांची बायको गल्ल्यावर बसून चिकोरी किती घालायची यावरून गिऱ्हाइकांशी भांडायची. मामांचं आणि अण्णांचं रोज सकाळी राजकारणावर बोलणं होई, म्हणजे मामा बोलत आणि अण्णा दळत. मग कावेरीच्या पाण्यावरून कानडी-तमिळ वाद होऊन शहर पेटलं, ते वर्ष आलं. एका दुपारी घोषणा देत जमाव आला. त्यात बाहेरची पोरं होती, तशी आमच्या गल्लीतलीही होती. अण्णा आणि त्यांची बायको मागच्या दाराने कसेबसे निसटले आणि बेळगोळला तिच्या बहिणीच्या क्वार्टर्समध्ये गेले. दुकानाच्या फळ्या फोडल्या, दळायचं यंत्र रस्त्यावर आणून घणाने ठेचलं, पोती फाडली. सगळ्या गल्लीभर कॉफी सांडली होती, आणि इतका सुरेख वास सुटला होता की त्याची लाज वाटावी.

कर्फ्यू सैल झाल्याबरोबर मामा बाहेर पडले. अण्णांचंच एक फाटलेलं गोणपाट त्यांनी उचललं, खांद्यावर घेतलं आणि फोडलेल्या दुकानासमोर रस्त्यात बसले. लोक जमले. आता नेहमीची गर्जना होणार म्हणून आम्हीही गेलो. पण मामा साध्या घरातल्या मराठीत, अगदी हळू बोलले. "त्यांनी दार वाजवलं होतं," ते म्हणाले. "अण्णा आणि त्यांची बायको. आधी माझ्याकडे आले होते. मी आतून कडी लावली."

मी मामींकडे पाहिलं. त्या खाली बघत होत्या.

आमच्या समाजाचे सेक्रेटरी पुढे आले. चांगले, बँकेतून निवृत्त झालेले, सगळ्यांच्या लग्नात पुढे असणारे गृहस्थ. ते मामांच्या कानाशी वाकून म्हणाले, "अहो, उठा आधी. हे बाहेरच्यांनी केलं. तुम्ही असं बसलात तर आपल्या लोकांचं नाव येईल. आपणही इथले नव्हे, मराठी आहोत. उद्या आपल्यावर पाळी आली तर?"

"इतक्या पिढ्या इथलं पाणी पिऊन अजून इथले नव्हे?" मामांचा आवाज चढला. "मग तर आपल्याला आधी कळायला हवं होतं, दार वाजलं की काय करायचं ते! कडी मी लावली, सेक्रेटरी. तुमच्या घराची कुणी लावली? आणि समोरच्यांची?"

"मामा, तमाशा करू नका."

"तमाशा काल झाला. तो आपण फटीतून बघितला."

सेक्रेटरींनी पोलिसांना बोलावलं. तरुण सब-इन्स्पेक्टर आला. बिचारा जागरणाने लाल झालेला. कानडीत म्हणाला, "उठा यजमानरे. उपोषण आहे काय? मागणी काय तुमची?"

"मागणी नाही," मामा म्हणाले. "कबुली आहे."

"कुणी फोडलं, नावं सांगता?"

"कुणी फोडलं ते तुम्ही शोधा, ते तुमचं काम. कुणी दार लावलं ते मी सांगतो. लिहून घ्या."

इन्स्पेक्टरने डोकं खाजवलं. दार लावल्याचं कलम त्याच्याकडे नव्हतं. जमावबंदी आहे, तेव्हा एकटेच बसा, असं बजावून तो गेला. मामा एकटेच बसले. थोड्या वेळाने मला हाक मारून म्हणाले, "त्या पुस्तकातला दानीएल ठाऊक आहे का रे तुला? सोन्यासारखा माणूस, त्याने स्वतः काही केलं नव्हतं. तरी देवापुढे गेला तेव्हा 'ते चुकले' म्हणाला नाही, 'आम्ही चुकलो' म्हणाला. मी जन्मभर ते पान वाचलं आणि जन्मभर लोकांना 'तुम्ही, तुम्ही' करत फिरलो." त्यांचे डोळे भरून आले होते. मला त्या गोणपाटातल्या मामांकडे बघून हसू यायला हवं होतं. आलं नाही.

तेवढ्यात मामी खराटा घेऊन आल्या. त्या वाकून झाडू लागल्या आणि मामांपाशी पोचल्यावर म्हणाल्या, "अहो, पाय उचला. काचा आहेत."

"अगे, मी पश्चात्ताप करतोय."

"करा की. उभं राहून करा. ती फळी धरा त्या बाजूने."

मामा उठले. गोणपाट झटकून त्यात काचा भरू लागले. समोरच्या घरातली सून सूप घेऊन बाहेर आली. मग आणखी दोघीतिघी आल्या. ज्या पोराने घण चालवला अशी कुजबूज होती त्याचा बाप सुतार होता. तो कुणाशी न बोलता आला आणि फळ्यांची मापं घेऊन गेला. सेक्रेटरींच्या घरचं कुणी आलं नाही. माणसं जमली म्हणून पोलिस शिट्ट्या मारत आले, तेव्हा मामा पुन्हा मूळ मामा झाले. "हा जमाव नाही!" ते गरजले. "जमाव काल होता! ही गल्ली आहे!"

दुकान बरं दिसू लागल्यावर मामा मला घेऊन बसने बेळगोळला गेले. अण्णा क्वार्टर्सच्या पायरीवर बसले होते. मामा त्यांच्यासमोर उभेच राहिले. कानडीत म्हणाले, "अण्णा, कडी मी लावली."

"माहीत आहे," अण्णा म्हणाले. "कडीचा आवाज ऐकला मी. त्या आधी तुमच्या चपलांचा पण. तुम्ही दारापर्यंत आला होता."

"आलो होतो."

"रोज इतकं बोलायचात. मला वाटलं होतं, या घराचं दार उघडेल."

मामांनी स्वतःचा बचाव केला नाही. मला वाटलं, माफी मागतील. तीही त्यांनी शब्दांत मागितली नाही. एवढंच म्हणाले, "दुकान उभं केलंय. यंत्र नवं नाही, पण चालतं. तुम्ही या. नाही आलात तर तेही बरोबरच आहे." आतून अण्णांची बायको तमिळमध्ये तावातावाने काहीतरी बोलली. अण्णांनी ते आम्हांला सांगितलं नाही आणि मामांनी विचारलं नाही.

संक्रांतीनंतर अण्णा एकटेच आले आणि त्यांनी दुकान उघडलं. पहिल्या दिवशी मामा सोडून कुणीच जाईना. सगळ्यांना तोंड दाखवायची भीती. मग मामा ओसरीवर उभे राहून ओरडले, "चला सगळे! लाजत लाजत का होईना, चला! घरी बसून लाजण्यात काय अर्थ आहे?" आणि खरोखरच गल्ली डबे घेऊन निघाली. अण्णांची बायको मात्र पुन्हा कधी गल्ल्यावर बसली नाही. अण्णांनी काही वर्षं दुकान चालवलं आणि मग ते विकून मुलाकडे कोइमतूरला गेले. निरोप घ्यायला आमच्याकडे आले, उभ्या उभ्या पाणी प्यायले. ते गेल्यावर आईने विचारलं, "दादा, त्यांनी माफ केलं काय तुला?" मामा म्हणाले, "ते त्यांचं. मी विचारून त्यांना अडचणीत का टाकू?"

मामांचं रागावणं काही थांबलं नाही. फक्त आता ते "आपण" म्हणून रागावत, आणि ते ऐकायला जास्त जड जाई. 'तुम्ही'वर लोक उलटून बोलू शकत होते. 'आपण'वर काय बोलणार?

पुष्कळ वर्षांनी कावेरीवरून पुन्हा गडबड झाली. तोवर गल्लीतली तरुण मंडळी गोकुलमच्या नव्या वस्तीकडे, बंगळुरुकडे पांगली होती आणि मामांना धड चालवत नव्हतं. त्या सकाळी त्यांनी मला दार सताड उघडून उंबरठ्यातच खुर्ची मांडायला लावली आणि काठी घेऊन तिथे बसले. ये-जा करायला आम्हांला त्यांच्या गुडघ्यांवरून पाय टाकावा लागत होता. "आत येऊन बसा," मामी म्हणत होत्या, ते ऐकत नव्हते. दिवसभर काहीच झालं नाही. दुकानं बंद, रस्ता रिकामा, एक कुत्रं तेवढं सावली शोधत फिरत होतं. उन्हं कलता कलता मामांना झोप लागली. मान एका खांद्यावर पडली, तोंड किंचित उघडं राहिलं. मामींनी शाल आणून त्यांच्या अंगावर घातली, पायाकडून खोचली, आणि पायरीवर माझ्याजवळ बसल्या.

"किती बारीक झालेत बघ," त्या म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "एवढ्याशा माणसात एवढा राग कुठं मावत होता, मला तर कधी कळलंच नाही."