रेशनच्या तेलाचा वास

आई गेली त्या वर्षी दिवाळीला बाबांनी माझ्याकडे नॉटिंगहॅमला यावं म्हणून मी हट्टच धरला. आले, पण फराळाचं नाव काढू देईनात. मी म्हटलं, बघतेच! आईच्या चवीची चकली करणार. लहानपणी आमच्याकडे रेशनच्या पामतेलात तळण व्हायचं आणि तो वास माझ्या नाकात अजून होता. इथल्या सूर्यफुलाच्या तेलात तो कुठला यायला?

हॉस्पिटलची शिफ्ट संपवून बसने गेले आणि एका आफ्रिकन दुकानातून पाम ऑइल आणलं. लालभडक, थंडीनं अर्धवट थिजलेलं. वाटलं, हेच अस्सल. पाकिटातल्या भाजणीच्या चकल्या त्यात सोडल्या मात्र, घरभर उग्र धूर, चकल्या शेंदरी, आणि वर स्मोक अलार्म बोंबलतोय. मी झारा सिंकमध्ये आपटला आणि चक्क रडायला लागले.

बाबा उठून आले. तेलाच्या रिफायनरीत जन्म गेलेला माणूस. आधी बाटली उजेडात धरून बघितली.

"अगं, हे कच्चं तेल. त्यांच्या रश्श्याला झकास, चकलीला नाही. आम्ही याचा चिकटा काढायचो, मग खास मातीतून गाळून रंग, शेवटी वाफ सोडून वास. रेशनच्या तेलाला वास नव्हताच मुळी. तो काढायचाच तर पगार मिळायचा मला!"

"मग मला आठवतो तो कसला?" मी चिडूनच विचारलं.

बाबा खोलीत गेले आणि बॅगेतून टॉवेलात गुंडाळलेला स्टीलचा डबा घेऊन आले. आईनं श्रावणात भाजून दळून आणलेली भाजणी. झाकण निघालं आणि तो वास आला. तोच! धण्याजिऱ्याचा, खमंग डाळींचा.

"इतके दिवस बोलला का नाहीत?"

"संपली असती ना गं."

"मग राहू दे, बाबा. ठेवू या."

"ठेवून काय, जाळी धरेल. कर सगळी."

सूर्यफुलाच्याच तेलात तळल्या. पहिली चकली बाबांनी सावकाश खाल्ली, डोळे पुसले आणि म्हणाले, "मीठ कमी पडलंय तुझं." मग आणखी दोन घेतल्या.

तो डबा मी अजून घासलेला नाही. वास कधीच उडालाय, तरी दिवाळीत एकदा झाकण काढून बघते.