माशीमावशीची गाडी

डोंगराच्या उतारावर सेहेचाळीस पेट्या मधमाश्या पाळणाऱ्या त्या बाईला सगळे माशीमावशी म्हणत. मावशी म्हणावं असं तिचं वयही होतं, अठ्ठावन्न पूर्ण, आणि माश्यांचं म्हणाल तर दिवसातले सहा तास ती माणसांपेक्षा त्यांच्याशीच जास्त बोलायची. तिला या नावाचा राग नव्हता. राग होता तो फक्त स्वतःच्या उजव्या गुडघ्याचा.

गुडघ्याने राजीनामा दिला तो भर सकाळी. मधाने भरलेला पेटीचा वरचा मजला, पंचवीस किलोचा, तिने उचलला आणि हातगाडीकडे चार पावलं टाकली. पाचवं पाऊल पडलंच नाही. ती मजल्यासकट खाली बसली. मध सांडला नाही, कारण पडतानाही तिने ओझं छातीशी धरलं होतं. पण उठता येईना. अर्धा तास ती गवतात बसून राहिली आणि माश्या तिच्याभोवती आपापल्या कामाला जात-येत राहिल्या. शेवटी हातगाडीच्या दांड्याला धरून ती उभी राहिली आणि लंगडत घरी आली.

डॉक्टर म्हणाले, ओझं बंद. लेक फोनवर म्हणाली, पेट्या दहावर आण, तेवढ्या अंगणात मावतात.  नवरा खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता. आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजलेला मोजणीदार. कुठला बांध कुठे आणि कुठल्या ओढ्याने कधी वाट बदलली, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. तीन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि त्याचा डावा हात आणि डावा पाय अर्धेच उरले. काठी घेऊन तो घरातल्या घरात चालायचा. डोंगरमाथ्यावरचं तळं, जिथे तो दर सुट्टीला गळ टाकून बसायचा, ते त्याने तेव्हापासून पाहिलं नव्हतं. तळ्याचं नावही घरात निघत नसे.

मावशीने डॉक्टरांचं अर्धं ऐकलं. ओझं बंद, हे मान्य. पेट्या कमी करणं अमान्य. मग ओझं वाहायला दुसरं काहीतरी हवं, एवढा साधा हिशेब. पलीकडच्या खोऱ्यातल्या मेंढपाळाकडे तिने एक गाडी पाहिली होती. चार जाड टायर, डोक्यावर लोखंडी पिंजरा, पुढे दोघांनी शेजारी-शेजारी बसायचं आणि मागे सामानाचा हौदा. मोटारीसारखं स्टिअरिंग, पण जिथे मोटार हात टेकते तिथे ही चालायची. मेंढपाळ त्यात गवताचे भारे आणायचा आणि सुट्टीत त्याच गाडीतून बायकोला माळावर हिंडवायचा. मावशीने ठरवलं, अशीच गाडी घ्यायची. साठवलेले पैसे होते. प्रश्न फक्त कुठली घ्यायची, हा होता.

दुकान शहराच्या कडेला होतं, काचेच्या भिंतींचं. आत चकचकीत फरशीवर सहा गाड्या उभ्या होत्या. सेल्समन तरुण आणि गोडबोल्या. त्याने मावशीला सरळ लाल गाडीपाशी नेलं. ती किती वेगाने पळते, वाळूच्या टेकड्यांवरून कशी उड्या मारते, गाणी लावायला किती स्पीकर आहेत, हे सगळं त्याने एका दमात सांगितलं. मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि पिशवीतून गाठी मारलेली दोरी काढली. तिच्या वाटेवर ओढ्यापाशी दोन खडक होते, हलवता न येणारे, आणि त्यांच्यामधली जागा तिने दोरीने मोजून आणली होती. पाच फुटांना दोन बोटं कमी. लाल गाडी पाच फूट चार इंच भरली.

सेल्समन म्हणाला, खडक फोडून घेता येतील. मावशी म्हणाली, तुमची गाडी फोडून अरुंद करून देता का?

चार जण बसतील अशी एक मोठीही होती, पण तिचा हौदा एवढासा. नाकापेक्षा मोती जड. बाकीच्याही दोरीपेक्षा रुंद. उरली कोपऱ्यातली हिरवी. रंग फिका, आवाज खरखरीत, स्पीकर नाहीत. रुंदी चार फूट आठ इंच. सेल्समनने तिच्याविषयी एवढंच सांगितलं, की ही जरा हळू आहे. मावशी म्हणाली की तिच्या माश्यांनाही कुठे जायची घाई नाही.

पण ती घाईने हो म्हणणारी नव्हती. म्हैस पाण्यात आणि मोल बाहेर, असला सौदा तिने आयुष्यात केला नव्हता. चार दिवसांनी ती शेजाऱ्याच्या टेम्पोत सहा रिकाम्या पेट्या आणि वाळूची पोती घालून पुन्हा दुकानात हजर झाली. पेट्यांत पंचवीस-पंचवीस किलो वाळू भरायची, त्या हौद्यात ठेवायच्या आणि गाड्या चढावर चालवून बघायच्या, असं तिचं म्हणणं. सेल्समनने नियम सांगितले. मावशी म्हणाली, ठीक आहे, मी थांबते. ती काचेच्या दाराशेजारच्या खुर्चीत बसली आणि पिशवीतून मोज्यांची जोडी काढून विणायला लागली. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आधी तिच्याकडे आणि मग तिच्या वाळूच्या पोत्यांकडे बघायचं. दुपारी मालक आले. त्यांनी कपाळाला हात लावला आणि दुकानामागच्या खडीच्या चढावर गाड्या न्यायची परवानगी दिली.

सोबत वर्कशॉपमधला मेकॅनिक आला. पांढऱ्या मिशांचा, कमी बोलणारा माणूस. त्याला या प्रकाराची मजा वाटली असावी, कारण वाळूची पोती त्याने न सांगता स्वतः उचलली.

तुलनेला म्हणून आधी लाल गाडी काढली. ती चढावर भन्नाट गेली. उतरताना मात्र ओझ्याने पुढे ढकलली जायला लागली आणि ब्रेकचा जळका वास आला. शिवाय मावशीने हौद्यात मेणाची एक वडी ठेवली होती. अर्ध्या तासाने तिने अंगठा दाबला, तर तो वडीत रुतला. या गाडीचं इंजिन हौद्याखाली होतं. भरलेली पोळी यात ठेवली असती तर वर पोचेपर्यंत मेणाचा आणि मधाचा काला झाला असता. हिरवी म्हातारीसारखी कुरकुरत चढली आणि तशीच दातओठ खात, ब्रेक न लावता, उतरली. तिचं इंजिन सीटखाली होतं. मेणाची वडी जशीच्या तशी कडक.

“सीट तापेल थोडी,” मेकॅनिक म्हणाला.

“पोळ्यांपेक्षा आपलं बूड तापलेलं बरं,” मावशी म्हणाली. मेकॅनिकच्या मिशा हलल्या.

काम संपलं होतं. तरी तिने शेजारच्या सीटची उंची मोजली, पाय ठेवायची जागा मोजली, वर धरायला काय आहे ते हाताने चाचपलं. मेकॅनिकने विचारलं, कोण बसणार? ताकाला जाऊन भांडं लपवायची तिला सवय नव्हती. तिने सांगून टाकलं. नवऱ्याला तळ्यावर न्यायचं आहे, त्याचा डावा पाय दाराच्या पायरीपेक्षा वर उचलला जात नाही. मेकॅनिक म्हणाला, मग मोजपट्टीने काय कळणार, माणसाला घेऊन या.

हेच तर अवघड होतं. घरी तिने विषय काढला तेव्हा मोजणीदाराने वर्तमानपत्र चेहऱ्यापुढे धरलं.

“तुझ्या कामाची गाडी, तू बघ. मी काय हौद्यातलं सामान आहे का, वजन करून बघायला?”

“हौद्यात नाही, शेजारी बसायचंय.”

“मला कुठे जायचं नाही.”

ती त्यावर वाद घालत बसली नाही. वाद घालून हा माणूस चाळीस वर्षांत एकदाही हलला नव्हता. ती स्वयंपाकघरात गेली, चहा ठेवला आणि तिथूनच सहज सांगायला लागली, की गाडी उतारावर छान उतरली. आपल्या वाटेइतकाच उतार असेल तो. बऱ्यापैकी.

वर्तमानपत्र खाली आलं. “बऱ्यापैकी म्हणजे किती?”

“म्हणजे, बऱ्यापैकी.”

“बऱ्यापैकी हे माप नाही,” मोजणीदार म्हणाला, आणि त्याच्या आवाजात तीन वर्षांनी पहिल्यांदा कचेरीतला राग आला. “ओढ्यानंतरच्या वळणावर वाट एका अंगाला कलते. तिथे मागे दीडशे किलो असताना गाडी आडवी होईल का, हे बघितलंस? नाही बघितलंस. उद्या त्या पेट्यांखाली सापडशील.”

मावशीच्या डोक्यात हे खरंच आलं नव्हतं. तिने तसं कबूल केलं. मग त्याने कपाटातून आपलं उतार मोजायचं यंत्र काढायला लावलं, ते डोळ्याला कसं लावायचं ते शिकवलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला वाटेवर पाठवलं. गुडघ्याला पट्टा बांधून ती हळूहळू गेली, बारा ठिकाणी आकडे टिपून आणले. त्यातले तीन त्याने चुकीचे ठरवले. ती दुसऱ्यांदा गेली. संध्याकाळपर्यंत टेबलावर वाटेचा नकाशा पसरला होता. कागदावर दगडी वजन ठेवून एका हाताने काढलेला, तरी रेघ सरळ. वळणावर चौदा अंश, सर्वांत तीव्र चढ अठरा. मोजणीदार नकाशाची घडी घालायला लागला. मग म्हणाला, त्या सेल्समनला हे समजावून सांगायला तुला जमणार नाही. मीच येतो.

दुकानात त्याने काठी टेकत हिरव्या गाडीला एक फेरी मारली आणि पहिलाच प्रश्न विचारला, भरल्या हौद्याने चौदा अंशांच्या आडव्या उतारावर हिचा तोल राहतो का? सेल्समनने कॅटलॉग उघडला, मिटला आणि मेकॅनिकला हाक मारली. मेकॅनिक म्हणाला, पेट्या एकावर एक न रचता एकाच थरात ठेवल्या आणि बांधल्या तर राहतो, दोन थर केले तर मी हमी देणार नाही. मोजणीदाराला हे उत्तर आवडलं. हमी न देणारा माणूस त्याला नेहमीच विश्वासाचा वाटायचा.

मग बसून बघायची वेळ आली. पायरी उंच होती, डावा पाय पोचेना. त्याचं तोंड लाल झालं. मावशीने हात पुढे केला, तो त्याने घेतला नाही. मेकॅनिकने कुणाला न विचारता लाकडाचा एक ठोकळा आणून खाली ठेवला. अशीच लोखंडी पायरी जोडून देतो, म्हणाला. मात्र ठोकळा त्याने स्टिअरिंगच्या बाजूला ठेवला होता.

“या बाजूला मी बसणार,” मावशी म्हणाली.

“बसा की. पण यांनी का बसू नये?” मेकॅनिक म्हणाला. “यात क्लच नाही. एक्सलरेटर आणि ब्रेक, दोन्ही उजव्या पायाने. डाव्या पायाला या गाडीत कामच नाही.”

 मावशीने इंच आणि किलो मोजले होते, रुंदी मोजली होती, मेण वितळवून बघितलं होतं, आणि सगळं मोजताना त्याला मनात शेजारच्या सीटवरच बसवलं होतं. तिला स्वतःची लाज वाटली. मोजणीदाराने मेकॅनिकच्या खांद्याला धरलं, उजवा पाय वर घेतला, डावा ओढून घेतला आणि स्टिअरिंगमागे बसला. उजवा हात त्याने स्टिअरिंगच्या चाकावर ठेवला. एका हाताने पूर्ण वळण घेणं जड गेलं. मेकॅनिक म्हणाला, चाकावर एक गोल मूठ बसवू, ट्रॅक्टरवाले बसवतात तशी.

“आज बसेल?” मोजणीदाराने विचारलं.

मूठ आणि पायरी बसायला आठवडा लागला. गाडी घरी आल्यावर त्याने आधी अंगणाबाहेरच्या मोकळ्या माळावर सराव केला. पाच दिवस, रोज सकाळी तासभर, आठच्या आकड्यात. पहिल्या दिवशी त्याने कुंपणाचा खांब पाडला. दुसऱ्या दिवशी तोच खांब पुन्हा पाडला. मावशीने खांब तिसऱ्यांदा उभा केला नाही, थोडा मागे सरकवला. सहाव्या दिवशी सहा रिकाम्या पेट्या बांधून दोघं वाटेला लागली.

ओढ्याशी गाडी अडकली. चारही चाकांना जोर देणारा खटका त्याने दाबला नव्हता, मागची दोन चिखलात फिरत राहिली. मावशीच्या ओठांवर सूचना आली होती. ती तिने गिळली, कारण तो खटक्याकडेच बघत होता. त्याने खटका दाबला, पाय हळू दिला, आणि गाडी धडपडत दोन खडकांच्या मधून पार झाली. दोन्ही बाजूंना जेमतेम बोटभर जागा उरली. वळणावर त्याने गाडी अगदी थांबल्यासारखी नेली. माश्यांच्या जागी पोचल्यावर ती उतरली आणि काम करत राहिली, तो सीटवरून पोळ्याच्या चौकटी एका हाताने धरून देत राहिला. एक माशी त्याच्या कानाला चावली. इतक्या वर्षांत घरात मधमाश्या असूनही त्याला चावलेली ही पहिलीच. त्याने शिवी दिली आणि चौकट मात्र सोडली नाही.

काम उरकलं तेव्हा घराकडे वळायच्या जागेवर त्याने गाडी उभी केली. वरच्या अंगाला तळ्याची वाट होती, दोन किलोमीटर.

“इंधन आहे?” त्याने विचारलं.

“भरून आणलंय,” ती म्हणाली. “गळ सीटमागे आहे.”

त्याने तिच्याकडे एकदा बघितलं आणि चाक वरच्या बाजूला वळवलं.

तळ्यावर वारा होता. पाणी त्याला वाटलं होतं त्याहून खाली गेलेलं, काठावर नवी झुडपं उगवलेली. त्याने ते सगळं बारकाईने पाहून घेतलं, जणू कुणीतरी त्याला न विचारता नकाशा बदलला होता. मग गाडी काठाला समांतर लावायला त्याने तीन वेळा पुढे-मागे केली, आणि सीटवर बसूनच उजव्या हाताने गळ टाकला. पहिल्यांदा तो झुडपात अडकला, दुसऱ्यांदा पाण्यात पडला. मासा काही लागला नाही. मावशीने बूट काढले, पट्टा सैल केला आणि गरम सीटवर गुडघा शेकत पाय पसरले. दहा मिनिटांत ती झोपली. त्याने तिला उठवलं नाही. सावली गाडीच्या पलीकडे जाईपर्यंत तो गळाच्या दोरीकडे बघत बसला.