शेजारच्या नळाला आमचं पाणी

जगतपुऱ्यात आम्ही घेतलेलं घर जुनं होतं. सकाळी तासभर नळाचं पाणी यायचं. एरवी बोअरचं मचूळ पाणी गच्चीवरच्या टाकीतून उतरायचं. फाटकाजवळ दोन्ही पाइप एकत्र येत, आणि आमचं पाणी रस्त्यावरच्या लाइनीत उलटं जाऊ नये म्हणून तिथे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह होता. त्याच्याकडे कधी कुणी बघितलं नव्हतं.

मागच्या उन्हाळ्यात सकाळी भरलेली टाकी संध्याकाळी मी ऑफिसातून येईपर्यंत रिकामी व्हायला लागली. गळती कुठेच सापडेना. त्यातच एकदा शेजारच्या भाभीजी म्हणाल्या, हल्ली दुपारीही नळाला पाणी येतं, फक्त चव बिघडली आहे आणि डाळ काही केल्या शिजत नाही.

मी तडक फाटकाशी गेले आणि लाइनीची चावी बंद केली. दोन दिवस टाकी भरलेली राहिली. भाभीजींचं दुपारचं पाणीही थांबलं. आमचंच पाणी उलटं जात होतं, आता शंकाच उरली नाही.

रविवारी प्लंबर आला. त्याने व्हॉल्व्ह खोलला, तर आतली झडप क्षाराने अर्धी उघडीच अडकलेली. तो म्हणाला, हा काढूनच टाकू, पाणी जोरात येईल. मी म्हटलं, नवीनच बसवायचा. त्याने घाईत बसवलाही. पण पाण्याची दिशा दाखवणारा व्हॉल्व्हवरचा बाण रस्त्याकडे होता.

"भैया, तीर घर की तरफ चाहिए," मी म्हटलं.

त्याने जोड सोडवला, व्हॉल्व्ह फिरवला आणि नव्याने टेप गुंडाळून घट्ट केला.

संध्याकाळी मी भाभीजींकडे जाऊन सगळं सांगितलं. गप्प राहिले असते तर त्यांना कधीच कळलं नसतं, पण महिनाभर त्यांच्या घरचे आमच्या टाकीतलं पाणी प्यायले होते.

"और हमारी टंकी का पानी किसके घर जाता है?" त्यांनी विचारलं.

आम्ही दोघी टॉर्च घेऊन त्यांच्या फाटकापाशी वाकलो. तिथे व्हॉल्व्ह नव्हताच, नुसता सरळ पाइप होता. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना मी राजा पार्कच्या बाजारात उतरले आणि त्यांच्यासाठी तसाच व्हॉल्व्ह घेऊन आले. प्लंबर आला तेव्हा बाण कुठे हवा ते भाभीजींनीच त्याला सांगितलं.