निळं आणि नीळ्ळू

भामाबाईंची ओळख झाली त्याच दिवशी मी अकरा परीक्षानळ्या धुतल्या. त्यांचा नियमच तसा होता. प्रश्न मुलाला विचारलेला असताना आईनं किंवा बापानं उत्तर दिलं, की त्यानं मुकाट्यानं उठायचं, बेसिनपाशी जायचं आणि एक नळी घासायची. मी पुण्याची, त्यातून बी.एस्सी. झालेली. गप्प बसायचं आम्हाला कुणी शिकवलेलंच नसतं. निखिलला काही विचारलं रे विचारलं, की उत्तर माझ्या तोंडातून बाहेर पडलेलं असायचं.

हे पंच्याण्णव सालचं. मिलिंदला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, त्याच्या सॉफ्टवेअर कंपनीनं हैदराबादला पाठवलं आणि आम्ही हिमायतनगरात भाड्यानं राहायला आलो. निखिल साडेपाच वर्षांचा. शाळा इंग्रजी, खाली खेळायला सगळी तेलुगू पोरं. जामबागेतल्या एका जुन्या मराठी शाळेत रविवारी सकाळी लहान मुलांसाठी ‘प्रयोग-बियोग’ असतात, आईबापांनाही बसू देतात, असं कुणीतरी सांगितलं. मुलाच्या कानावर चार मराठी शब्द पडतील म्हणून मी त्याला घेऊन गेले. विज्ञान त्याला मी घरी शिकवणारच होते.

गेले तर शिक्षक कुठेच दिसेना. साठीला टेकलेली, पदर खोचलेली एक बाई सतरंज्या पसरत होती. मी विचारलं, “सर कधी येणार?”

“सर रविवारी कायकू येतील?” त्या म्हणाल्या. “बसा की. मी हाय.”

त्या ‘कायकू’नं माझ्या अंगावर काटा आला. पुढे आठवडाभरात निखिल घरी ‘कायकू, कायकू’ करत हिंडायला लागला. मी त्याला रागावून सांगितलं, “का म्हणायचं, का!” त्याची तक्रार त्यानं पुढच्या रविवारी केली आणि मला त्याबद्दलही एक नळी धुवावी लागली.

भामाबाई मूळच्या उदगीरकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. लग्न करून काचीगुड्याला आल्या. नवरा स्टेशनात हमालांचा मुकादम होता, तो लवकर गेला. मग त्या शाळेत आया म्हणून लागल्या आणि कुणाच्या तरी मनात आलं म्हणून त्यांची नेमणूक विज्ञानाच्या खोलीत झाली. तिथे बावीस वर्षं गेली. सर शिकवायचे, त्या मागे उभ्या राहायच्या. तास संपला की सगळं धुवायचं आणि पुसून ठेवायचं. फक्त धुवायच्या आधी, खोलीत कुणी नसताना, त्या तो प्रयोग स्वतः एकदा करून बघायच्या. चौथीपर्यंत शिकलेल्या, त्यामुळे पुस्तकातली नावं त्यांना यायची नाहीत. पण मेणबत्तीवर पेला पालथा घातला तर ती किती वेळानं विझते, आणि पेला मोठा घेतला तर काय होतं, हे सरांपेक्षा त्यांना जास्त नीट माहीत होतं. सरांनी मोठा पेला कधी घेतलाच नव्हता.

शेजारची पोरं सोबत आणता आणता त्यांचा हा रविवारचा वर्ग सुरू झाला. मी गेले तेव्हा वीसेक कुटुंबं यायची. निम्म्या घरांत बाप मराठी, आई तेलुगू, पोरं तिसऱ्याच भाषेत. भामाबाई मराठी, उर्दू, तेलुगू एकाच वाक्यात घालायच्या आणि सगळ्यांना सगळं कळायचं. उत्तर मात्र कुणालाच द्यायच्या नाहीत. “तुला काय वाटतं? कर बघू,” एवढंच. माझा निखिल, जो चुकेल या भीतीनं पेन्सिलसुद्धा दाबून धरायचा नाही, तो तिथे हात कोपरापर्यंत भिजवून हसत बसायचा. घरी तसा का हसत नाही, हा प्रश्न मला पडायला लागला होता आणि त्याचं उत्तर मला आवडणारं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या आधी शाळेचे सेक्रेटरी एकनाथराव एका रविवारी दारात येऊन उभे राहिले. सगळ्या गावाला कॉम्प्युटर शिकायचा होता, त्यांना वर्गासाठी खोली हवी होती. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. म्हणाले, “पुढच्या रविवारी मी येऊन बसतो. शिकवणं दिसलं तर राहू दे. नुसता खेळ असेल तर खोली सोडा, भामाबाई.”

ते गेल्यावर भामाबाई बराच वेळ एकच बीकर पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, “सोमवार ते शनिवार ही खोली दुसऱ्याची हाय, बाई. रविवारचीच तेवढी माझी.”

आणि मी लगेच, कुणी न विचारता, म्हणाले, “तुम्ही काळजी करू नका. बोलायचं सगळं मी बघते.” त्यांनी मान हलवली. त्यांना सुटल्यासारखं झालं, असं मला वाटलं. खरं म्हणजे शिकलेल्या लोकांनी बोलायचं आणि त्यांनी मागे उभं राहायचं, ही बावीस वर्षांची सवय होती ती. तेवढं मला तेव्हा समजलं नाही.

रविवारी एकनाथराव खुर्चीवर बसले. सतरंजीवर प्रत्येक मुलापुढे दोन पेले, एकात साधं पाणी आणि एकात गोकर्णाची फुलं गरम पाण्यात चुरून केलेलं निळंशार पाणी. मध्ये लिंबाच्या फोडी. निळ्यात लिंबू पिळलं की रंग जांभळा-गुलाबी होतो; साधं पाणी शेजारी ठेवून फरक बघायचा. मी घसा साफ करून पाच मिनिटं स्वच्छ, शुद्ध मराठीत बोलले. एकनाथराव माना डोलवत होते. शेवटी मी म्हणाले, “आता निळं घ्या आणि त्यात लिंबू पिळा.”

शेजारी रेणू नावाची सात वर्षांची मुलगी होती. तिची आई प्रियदर्शिनी तेलुगू. तिनं लेकीला कोपरानं ढोसलं. “नीळ्ळू, नीळ्ळू!” रेणूनं साधं पाणी पुढे ओढलं आणि त्यात लिंबू पिळलं. तिचं बघून पुढच्यानं पिळलं, त्याचं बघून त्याच्या पुढच्यानं. तेलुगूत नीळ्ळू म्हणजे पाणी. हे मला दीड वर्षात कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी कुणाला विचारलं नव्हतं. आणि सगळ्यात शेवटी, मोठ्या खुशीत, माझ्या पोटच्या पोरानं, ज्याला मी मराठी ऐकवायला इथे आणत होते, साध्या पाण्यात लिंबू पिळलं.

काहीच झालं नाही. वीस पेल्यांतलं पाणी होतं तसंच राहिलं. पोरं पेल्यांकडे बघत होती, आया माझ्याकडे. एकनाथरावांनी घड्याळ पाहिलं. मी “अरे, ते नाही, ते दुसरं” असं ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात भामाबाईंचा ओला हात माझ्या खांद्यावर पडला.

“राहू द्या,” त्या म्हणाल्या आणि माझ्या पुढे जाऊन मुलांमध्ये उकिडव्या बसल्या. “काही झालं नाही?”

“नाही!” सगळी ओरडली.

“कायकू?”

रेणूनं पेला उचलून उजेडात धरला, वास घेतला.

“सांगा की, चाखू का?”

“या खोलीत काही चाखायचं नसतं,” भामाबाई म्हणाल्या. “आज लिंबू आपल्या घरचं, पेला आपल्या घरचा, म्हणून चाख. एक थेंब.”

रेणूनं जीभ लावली आणि तोंड वेडंवाकडं केलं. “आंबट!”

“मग झालं की काहीतरी. दिसलं कायकू नाही?”

पोरं विचार करतात तेव्हा त्यांची तोंडं किती सुंदर दिसतात, ते मी त्या दिवशी पाहिलं. इतकी वर्षं मी मध्येच उत्तर देऊन ते पुसून टाकत आले होते. एकनाथरावांना काही राहवेना. “अरे, पाण्यात ॲसिड गेलंय, पण पाण्याला रंग...”

“तातय्या, नळी!” रेणू किंचाळली. तातय्या म्हणजे आजोबा. सगळी हसली. एकनाथराव आधी लाल झाले, मग खरंच उठले आणि बाह्या सावरत बेसिनपाशी गेले.

तेवढ्यात निखिलनं दोन्ही पेले हातात घेतले. माझ्याकडे पाहिलं नाही. घरी काहीही करण्याआधी तो माझ्याकडे बघायचा, हे मला तेव्हाच जाणवलं. त्यानं निळं पाणी हळूच आंबट पाण्यात ओतलं आणि पेलाभर रंग जांभळ्यावरून गुलाबी होत गेला.

“पाण्याला सांगता येत नाही,” तो सावकाश म्हणाला. “फुलाला येतं.”

मी आठवीत पाठ केलेली दर्शकाची व्याख्या मला अजून येते. त्यात हे एवढं नव्हतं. मी रडले, आणि लपवलं नाही.

मग वीस पेल्यांत वीस गुलाबी झाले. घरी जाताना प्रियदर्शिनी उरलेली फुलं मागून घेऊन गेली. एकनाथराव ओले हात रुमालाला पुसत आले. “खोली राहू दे,” म्हणाले. “पण सगळं रीतसर हवं. दारावर लावायला एक कागद करा. रविवार, वेळ, शिक्षकाचं नाव.” आणि कागद-पेन त्यांनी माझ्या हातात दिलं. “तुमचंच नाव घाला, मॅडम. बी.एस्सी. लिहा पुढे.”

खोटं कशाला सांगू, क्षणभर मला बरं वाटलं. मग लाज वाटली, चांगलीच. मी कागद टेबलावर ठेवला आणि ठळक अक्षरात लिहिलं, भामाबाई.

“अहो, पूर्ण नाव लागतं,” एकनाथराव म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. बावीस वर्षं भामाबाई हजेरीवर सही करत होत्या. एकनाथरावांनी माझ्याकडे पाहिलं. दोघांनाही ठाऊक नव्हतं.

भामाबाई सतरंजी घडी करत होत्या. त्या थांबल्या, पदराला हात पुसले आणि शाळेत उभं करून विचारल्यावर मुलं सांगतात तसं ताठ उभं राहून म्हणाल्या, “भामा नामदेवराव बिरादार.”

मी लिहिलं. त्याखाली ‘शिक्षिका’ लिहिलं. त्या जवळ आल्या, एकेका अक्षरावर बोट ठेवून स्वतःचं नाव वाचलं आणि खालच्या शब्दापाशी अडल्या.

“शि... हे काय हो, बाई?”

“क्षि,” मी म्हणाले. “शिक्षिका.”

त्यांनी तो शब्द पुटपुटून पुन्हा वाचला. बोट तिथेच होतं.

“मग जरा मोठं लिहा की,” त्या म्हणाल्या. “एवढं बारीक कायकू?”